नऊशे ग्रॅमचा वाद

ज्या माणसाने उभ्या जन्मात घरच्या वीजबिलावरचे युनिट वाचले नाहीत, तो ई-माउंटन बाइक घेतल्याच्या दुसऱ्या दिवसापासून वॉट-तासांत बोलायला लागतो. मुलगी कितवीत आहे असं विचारलं की जो बायकोकडे बघतो, त्याला बॅटरी किती टक्क्यांवर आहे हे झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येतं. म्युनिकमध्ये अशी माणसं मुबलक आहेत आणि त्यांतली बरीच मराठी आहेत. शनिवारी पहाटे गाडीच्या मागे सायकली बांधून ही मंडळी ब्रेनर खिंडीतून इटलीत उतरतात, गार्डा सरोवराच्या उत्तर टोकाला रीवा नावाच्या देखण्या गावात पोचतात आणि डोंगराकडे ढुंकूनही न बघता पार्किंगमध्येच तासभर भांडतात. भांडण राजकारणावरून नसतं, पुणे-नागपूर असंही नसतं. बॅटरी केवढी असावी, यावरून असतं.

आधी आकडे मांडून टाकतो. बॅटरीची ऐपत वॉट-तासांत मोजतात. हजार वॉट-तास म्हणजे आपलं महावितरणचं एक युनिट. बॉश कंपनीची ६०० वॉट-तासांची बॅटरी तीन किलोची, ८०० वॉट-तासांची ३.९ किलोची. म्हणजे एका पारड्यात २०० वॉट-तास आणि दुसऱ्यात ९०० ग्रॅम. आता २०० वॉट-तास म्हणजे किती, तर दोन किलोवॉटचा गीझर सहा मिनिटांत गिळतो तेवढी वीज. अंघोळीची बादली धड कोमट व्हायच्या आत संपणारी. तेवढ्या विजेवरून पदव्युत्तर शिक्षण झालेली, घराचं कर्ज फेडत आणलेली, एरवी चारचौघांत सुज्ञ म्हणून ओळखली जाणारी माणसं एकमेकांशी आठवडाभर अबोला धरतात.

पंथ दोन आहेत. मी त्यांना जडपंथी आणि हलकेपंथी म्हणतो, अर्थात मनातल्या मनात. स्मार्त आणि भागवत एकादशी कधी कधी वेगवेगळ्या दिवशी धरतात, पण भूक दोघांनाही सारखीच लागते. इथेही डोंगर दोघांना तोच चढायचा असतो आणि धापही तेवढीच लागते. माझी स्वतःची बॅटरी ६२५ची, म्हणजे २०१९ साली बाजारात आलेल्या पिढीतली. त्यामुळे दोन्ही पंथांकडून मला मनःपूर्वक कीव मिळते.

जडपंथीयाच्या आयुष्याचं सूत्र म्हणजे ‘मध्येच संपली तर?’ हा प्रश्न तो फक्त बॅटरीबद्दल विचारत नाही. त्याच्याकडे दोन पॉवर बँक असतात, चष्म्याची जास्तीची जोडी असते, दातांचा वेगळा विमा असतो, आणि लग्नाला जाताना तो घरून खाऊन निघतो. बॉशने २०१७ साली सायकलीच्या दांड्यात लपणारी ५०० वॉट-तासांची बॅटरी आणली, तेव्हा पहिली रांग याची होती. २०१९ साली ६२५ आली, २०२१ साली ७५०, २०२४ साली ८००. गंमत अशी, की नवी बॅटरी जाहीर व्हायच्या आदल्या दिवसापर्यंत जुनी व्यवस्थित पुरत असते. ज्याने ५००वर सगळे डोंगर पालथे घातले आणि संध्याकाळी हॉटेलात वेळेवर पिझ्झाही खाल्ला, तोच ७५० आल्यावर म्हणायला लागला, “पाचशेत काय होतंय हो हल्ली!” जणू मधल्या काळात आल्प्सची उंची वाढली. मग २०२२ साली कॅनियनने ९०० वॉट-तासांची सायकल काढली, तेव्हा तर याची झोपच गेली. आता त्याच्याकडे ८००ची मुख्य बॅटरी आहे आणि वर बाटलीच्या जागी बसणारी २५०ची जोडबॅटरी, वजन सुमारे १.६ किलो. एकूण १०५०. “युनिट पार केलं,” असं तो सांगतो, तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर मुलगा मेरिटमध्ये आल्याचं समाधान असतं. सायकल पंचवीस किलोच्या पुढे गेली आहे हे तो सांगत नाही. ते आपल्याला उचलू लागल्यावर कळतं, आणि ती उचलायला तो आपल्यालाच बोलावतो.

हलकेपंथीयाची गोष्ट वेगळी. त्याला मोटर हवी आहे, पण ती आहे हे कुणाला कळायला नको. अठरा-एकोणीस किलोची सायकल, त्यात ५० न्यूटन-मीटर जोर लावणारी छोटीशी मोटर (जडपंथीयांची ८५ लावते) आणि ३६० वॉट-तासांची बॅटरी. ट्रेकने २०२२ साली अशी सायकल काढली, त्याआधी २०२० साली स्पेशलाइझ्डने ३५ न्यूटन-मीटर आणि ३२० वॉट-तासांची काढली होती. हलकेपंथी कुठल्याही सायकलीशी बोलण्याआधी ती एका हाताने उचलून बघतो. घरात त्याने स्वयंपाकघरातला वजनकाटा पळवलेला असतो. टायटॅनियमचे बोल्ट लावून त्याने चौदा ग्रॅम वाचवले ही बातमी माझ्यापर्यंत तीन वेगवेगळ्या घरांतून पोचली. कंपन्या सायकलीचं वजन बहुतेकदा पायडल न लावता सांगतात हे त्याला माहीत आहे, आणि तोही तसंच सांगतो. पायडलशिवाय सायकल कशी चालवणार, असला व्यावहारिक प्रश्न त्याला विचारू नये.

पण ३६० वॉट-तास म्हणजे ३६० वॉट-तासच. म्हणून त्याने १६० वॉट-तासांची एक जोडबॅटरी घेतली, ती बाटलीच्या जागी बसते. मग बाटली कुठे जाणार? पाण्याची पिशवी पाठीवर गेली, दोन लिटरची. पाठीवरच्या पाण्याचं वजन सायकलीच्या वजनात धरत नाहीत असा त्या पंथाचा नियम आहे. सायकल घेतल्यापासून त्याचं स्वतःचं वजन जे काही वाढलं आहे तेही धरत नाहीत. काटा स्वयंपाकघरातला, त्याला मर्यादा पाच किलोची. तो तरी काय करणार!

आता भांडणाचं मूळ बघू. रीवा गाव सरोवराच्या काठावर, म्हणजे समुद्रसपाटीपासून जेमतेम ६५-७० मीटरवर. तिथून पोनालेच्या जुन्या रस्त्याने कडेकडेने वर जायचं, लेड्रोचं तळं मागे टाकायचं आणि ट्रेमाल्झो चढायचा. पहिल्या महायुद्धात इटालियन सैन्याने या डोंगरांत रसद आणि तोफा नेण्यासाठी खडीचे वळणावळणाचे रस्ते खोदले. आता त्यांवरून हेल्मेट घातलेले माझे मित्र जातात. वाट १८०० मीटरच्या वर पोचते, म्हणजे चढ जवळजवळ पावणेदोन हजार मीटर. पायथ्यापासून गाडीरस्त्याने सिंहगड साधारण सहाशे मीटर चढावा लागतो. तसे तीन सिंहगड, आणि मध्ये कुठेही मडक्यातलं दही नाही.

माणूस, सायकल आणि पाठीवरची पिशवी मिळून ११० किलो धरू. एवढं वजन १७५० मीटर वर न्यायला शुद्ध भौतिकशास्त्राच्या हिशोबाने ५२५ वॉट-तास लागतात. खडी, माती आणि जाड टायर यांचा आणखी पाचवा हिस्सा धरला की ६३०. हे सगळं मोटरने करायचं नसतं, काही भाग आपले पाय करतात. किती, ते आपण कुठलं बटण दाबलं आहे त्यावर. माझ्या मोटरला ‘इको’मध्ये ठेवली तर माझ्या शंभर वॉटला ती साठ घालते, ‘टूर’मध्ये १४०, ‘टर्बो’मध्ये ३४०. मोटरमध्ये उष्णतेवाटे जातं ते धरून बॅटरीतून टर्बोत सुमारे ६०० वॉट-तास जातील, टूरमध्ये ४६०, इकोत ३००. तोच डोंगर, तीच सायकल, तोच माणूस, आणि खर्च एकदम दुप्पट.

आणि ज्यावरून अबोला धरला ते ९०० ग्रॅम? ते पावणेदोन हजार मीटर वर न्यायला साडेचार वॉट-तासही लागत नाहीत. म्हणजे मोठी बॅटरी साडेचार खाते आणि २०० देते. इतका सरळ व्यवहार मी आयुष्यात दुसरा पाहिलेला नाही. मुदत ठेवीतसुद्धा नाही. वजनामुळे रेंज कमी होते हा हलकेपंथीयांचा मुद्दा इथेच आडवा होतो. पण जडपंथीयांनी टाळ्या वाजवू नयेत, कारण त्यांच्या ८००चंही काही खरं नाही. पोनालेच्या पहिल्या वळणावर जे टर्बो दाबतात ते थेट वरच सोडतात. इको हे बटण त्यांच्या सायकलीवर आहे हे त्यांना सर्व्हिसिंगवाल्याने सांगितलं. माझं प्रामाणिक मत असं, की रेंज बॅटरीत नसते, डाव्या हाताच्या अंगठ्यात असते. हे मत मी दोन्ही पंथांना सांगून पाहिलं. दोन्ही पंथ त्या दिवशी पहिल्यांदाच एका बाजूला आले.

अंगठ्याला जबाबदार न धरता सगळा दोष हँडलवरच्या छोट्या पडद्याला देता येतो. तो पडदा अजून किती किलोमीटर जाता येईल ते सांगतो, आणि हे भविष्य तो आपण नुकती किती वीज उधळली त्यावरून वर्तवतो. म्हणून सरोवराच्या काठाने रमतगमत आलेल्या माणसाला तो ९० किलोमीटर दाखवतो. माणूस खूश. चढ लागतो आणि पाच मिनिटांत ते ३० होतात. माणूस गप्प. पुढच्या वळणावर २२. इथे जडपंथी कमी झालेल्या आकड्याकडे बघतो, दचकतो, आणि दचकल्यामुळे लवकर वर पोचावं म्हणून टर्बो दाबतो. आकडा १४. आजूबाजूला आल्प्स पर्वत आहे, खाली निळंशार सरोवर आहे, त्यावर पांढऱ्या शिडांच्या होड्या आहेत. याची नजर सहा सेंटिमीटरच्या पडद्यावर. निसर्ग बघायला तो घरी जाऊन फोटो बघतो. फोटोही बहुतेक पडद्याचेच असतात.

मग वजनाचं काहीच महत्त्व नाही का? आहे, भरपूर आहे, पण चढावर नाही. वजन कळतं ते सायकलीवरून उतरल्यावर. म्युनिकच्या जुन्या इमारतींना लिफ्ट नसते आणि सायकली तळघरात ठेवायच्या असतात. तिथला जिना अरुंद, दगडी आणि मुद्दाम वळवलेला. पंचवीस किलोची, रुंद हँडलची, चिखलाने माखलेली सायकल रविवारी रात्री त्या जिन्याने खाली नेताना जडपंथीयाला हलकेपंथ मनापासून पटलेला असतो. सोमवारी सकाळी पुन्हा मतपरिवर्तन. बरं, तळघरात सॉकेट असतं, पण त्याची वीज सगळ्या इमारतीच्या सामाईक मीटरवरची. तिथे बॅटरी लावली तर तिसऱ्या मजल्यावरच्या आजी सोसायटीच्या बैठकीत विषय काढतात. विषय असतो वीसपंचवीस युरोसेंटचा, पण तो नियम क्रमांकासह काढला जातो. म्हणून सायकल खाली आणि बॅटरी काखोटीला मारून चौथ्या मजल्यावर, अशी रोजची वरात. बॅटरी मोठी असण्याचा तोटा मला कुणी विचारला तर मी त्याला डोंगर दाखवणार नाही, तो जिना दाखवीन.

दुसरी जागा म्हणजे गाडीच्या मागचा रॅक. बहुतेक रॅक एका सायकलीला तीस किलोच्या आतबाहेर पेलतात, तेव्हा सायकल चढवण्याआधी बॅटरी काढून घेतात. काढलेली बॅटरी गाडीत कुणाच्या मांडीवर ठेवायची, यावरून ब्रेनरच्या टोलनाक्यापर्यंत चर्चा पुरते. आणि तिसरी जागा म्हणजे वाटेत आडवं पडलेलं झाड. पायी ढकलायला सायकलींना ताशी सहा किलोमीटरपर्यंतची एक मदत असते, बटण धरून ठेवलं की ती आपल्याबरोबर चालते. पण झाडावरून ती उडी मारत नाही. झाडापाशी आले की हलकेपंथी एका हाताने सायकल उचलून पलीकडे ठेवतो, हात झटकतो आणि मग शांतपणे उभा राहून बघतो. त्याने सायकलीला मोजलेली सगळी किंमत त्या अर्ध्या मिनिटात वसूल होते.

वर डोंगरी खाणावळ लागली की मात्र पंथभेद मिटतो, कारण तिथे सॉकेट असतं. आल्प्समधल्या बऱ्याच खाणावळींनी सायकलवाल्यांसाठी अशी सोय केली आहे. सोबत आणलेल्या चार्जरच्या वजनाबद्दल दोन्ही पंथांनी मौन पाळलेलं आहे. साधा चार अँपिअरचा चार्जर तासाला साधारण दीडशे वॉट-तास भरतो. त्यामुळे जेवण किती वेळ चालवायचं ते भुकेवर ठरत नाही. तीस टक्के कमी असतील तर पोलेंटा, मग सॅलड, मग स्ट्रूडेल, मग कॉफी, मग दुसरी कॉफी. इटालियन माणूस कॉफी दोन घोटांत उभ्याउभ्या संपवतो. आमची मंडळी त्या एवढ्याशा कपावर चाळीस वॉट-तास काढतात. वेटर बिल घेऊन येतो तेव्हा हिशोब केला, तर ती दीडशे वॉट-तास वीज कोकणातल्या हापूसपेक्षा महाग पडलेली असते. पण चेहरे असे, की जसं काही फुकट मिळालं!

पुण्याला फोन केला की बाबांचा प्रश्न ठरलेला: “उतारावर चार्ज होत असेल ना रे?” नुसते बाबाच नाहीत, काका, मामा, शेजारचे निवृत्त मुख्याध्यापक, सगळ्या वडीलधाऱ्यांना हाच प्रश्न पडतो आणि तो इतका रास्त आहे की नाही म्हणताना आपल्यालाच अपराधी वाटतं. चढताना दिलेलं उतरताना परत मिळावं, ही अपेक्षा सज्जन माणसाचीच असते. पण मोटर पायडलपाशी बसलेली, आणि उतारावर आपण पाय थांबवले की मागचं चाक मोकळं फिरतं. मोटरला कळतच नाही की आपण खाली चाललो आहोत. एवढ्या कष्टाने वर नेलेले ५२५ वॉट-तास ब्रेकच्या चकत्या तापवण्यात, टायर झिजवण्यात आणि इटलीची हवा ढवळण्यात जातात. सगळेच्या सगळे वाचवता आले तर साडेपाच लिटर पाणी उकळेल. बाबांना हे सांगितलं तेव्हा ते जरा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, “म्हणजे पन्नास कटिंग. दर खेपेला पन्नास कटिंग वाया घालवता तुम्ही लोक.” त्यांनी तरुणपणी लोखंडी सायकलवर सिंहगडाचा पायथा गाठलेला आहे आणि गड पायी चढलेला आहे, त्यामुळे त्यांना बोलायचा अधिकार आहे.

नंतर त्यांनीच विचारलं, एक अशी सायकल इकडे आणता येईल का. भारतातल्या नियमांची त्यांनी तयारी केली होती: पाव किलोवॉटच्या आतली मोटर, ताशी पंचवीसच्या आत वेग आणि वजन साठ किलोच्या आत, तेही बॅटरी सोडून. “बघ, सरकारसुद्धा बॅटरीचं वजन धरत नाही,” बाबा म्हणाले. हे वाक्य मी जडपंथीयांपासून अजून लपवून ठेवलं आहे. सायकल एक वेळ खोक्यात घालून आणता येईल, पण प्रवासी विमानात १६० वॉट-तासांच्या वरची बॅटरी नेता येत नाही, आणि १०० ते १६०साठी विमान कंपनीची परवानगी लागते. म्हणजे ८००वाले बाद, ६००वाले बाद, मीही बाद. हलकेपंथीयाची जोडबॅटरी बरोबर १६०ची! त्याने तो आकडा ऐकला आणि त्या दिवशी सगळ्यांना आइस्क्रीम दिलं. नुसती जोडबॅटरी पुण्याला नेऊन करणार काय, असं कुणीतरी विचारलं. “न्यायची नाही हो,” तो म्हणाला, “पण नेता येते.”

विमानात बिनदिक्कत नेता येणारी एक बॅटरी मात्र आमच्यात आहे, आणि ती आणतात कोल्हापूरच्या वहिनी. वहिनींचं वजन पन्नास किलोच्या थोडं वर. सायकल नवऱ्याची जुनी, ५००ची. त्यांच्या अंगठ्याला टर्बो माहीतच नाही. इको आणि टूर यांच्यामध्ये त्या डोंगर चढतात, आम्ही धापा टाकत पडद्याकडे बघत असताना शांतपणे पुढे जातात, आणि वर पोचतात तेव्हा त्यांच्याकडे निम्मी बॅटरी शिल्लक असते. पुष्कळ दिवस दोन्ही पंथांनी याचं श्रेय आपापल्याकडे ओढलं. हलकेपंथी म्हणायचे बघा, वजन कमी. जडपंथी म्हणायचे, टक्केवारी बघा, शिल्लक हवीच. मग एकदा मी वहिनींच्या पाठपिशवीतून एक डबा निघताना पाहिला. शेंगदाण्याचे लाडू. दाणे आणि गूळ, बाकी काही नाही.

मी इंजिनियर नसलो तरी आता या लोकांत राहून हात सैल झाला आहे. तिथेच हिशोब केला. शंभर ग्रॅम लाडवात ढोबळमानाने पाचशे कॅलरी, म्हणजे ५८० वॉट-तास. माणसाचं शरीर त्यातले वीस-बावीस टक्के पायडलपर्यंत पोचवतं, बाकीची उष्णता. तरी १२५ वॉट-तास झालेच. दोनशे ग्रॅम लाडू म्हणजे २५०, आणि तेवढ्यासाठी जडपंथीयाने १.६ किलोचा ठोकळा आणि काहीशे युरो मोजलेले. चार्जर लागत नाही, सॉकेट लागत नाही, विमानात परवानगी लागत नाही, तिसऱ्या मजल्यावरच्या आजींना कळत नाही. आणि वर जाता जाता पाठपिशवीतलं वजन कमी होत जातं, ही सोय जगातल्या कुठल्याही कंपनीने अजून दिलेली नाही. लाडवात खोट एकच, की तो मोटरकडे जात नाही, पायांकडे जातो. पाय हलवायचे आपल्यालाच.

ही आकडेमोड मी खाणावळीत बिलाच्या पाठीमागे लिहून दाखवली. क्षणभर शांतता झाली. मला वाटलं, चला, मिटलं एकदाचं. तेवढ्यात हलकेपंथीयाने डब्यातला एक लाडू दोन बोटांत धरून वरखाली हलवला.

“वहिनी, हा पन्नास ग्रॅमच्या पुढे आहे. चाळीसचा वळता येईल का? दोन घास कमी होतील, पण लाडू खिशात बसतील.”

“चाळीसात काय होतंय!” जडपंथी उसळला. “वहिनी, तुम्ही सत्तरचा करा. आणि थोडं तूप घाला. वजन वाढेल, पण रेंज बघा ना.”

“तुपाने हाताला चिकटतो. उतारावर ब्रेक धरायचा असतो.”

“म्हणून मध्येच संपू द्यायचा? ट्रेमाल्झोवर? दुकान आहे का तिथे?”

“एक छोटा आतला, आणि एक जोडलाडू बाटलीच्या जागी...”

वहिनींनी डबा बंद केला. म्हणाल्या, पुढच्या शुक्रवारी दोन किलो दाणे भाजून, सोलून ठेवते, ज्याला जेवढ्या ग्रॅमचा हवा त्याने तेवढ्या ग्रॅमचा वळून न्यावा, फक्त कूट करायला घरी यावं. दोन्ही पंथांनी एकमेकांकडे बघितलं आणि एकाच वेळी विचारलं, “मिक्सर किती वॉटचा आहे?”